घरे बांधणारा गृहस्थ : लॉरी बेकर

अल्पखर्ची घरबांधणीचे भारतातील प्रणेते म्हणून ओळखले जाणारे वास्तुविशारद लॉरी बेकर यांचे १ एप्रिल २००७ रोजी तिरुवनंतपुरम येथे निधन झाले, तेव्हा त्यांनी वयाची नव्वद वर्षे पूर्ण केली होती. जन्माने ब्रिटिश आणि स्वतःच्या निवडीने भारतीय झालेल्या या वास्तुविशारदाने आपल्या आयुष्यात एक हजाराहून अधिक घरे उभी केली. विटांची जाळी, कौले घातलेला स्लॅब आणि गिलाव्याविना उभ्या राहिलेल्या भिंती यांच्याशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. मात्र त्यांच्या कार्याची दिशा ज्या गोष्टीने ठरवली, ती त्यांच्या कोणत्याही आराखड्यात दिसत नाही. डॉक्टर असलेल्या पत्नीची जेथे गरज होती, तेथे बेकर राहावयास गेले. तेथे त्यांनी रुग्णांसाठी दवाखाना आणि कुटुंबासाठी घर बांधले, आणि हे बांधता बांधताच भारतात घर कसे बांधावे हे ते शिकले. वास्तुविशारद म्हणून त्यांची कीर्ती पसरू लागली तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती.

बर्मिंगहॅम ते चीन

लॉरेन्स विल्फ्रेड बेकर यांचा जन्म २ मार्च १९१७ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या औद्योगिक शहरात झाला. वडील हिशेबनीस होते. कुटुंब मेथॉडिस्ट पंथाचे आणि शिस्तीचे होते. चार भावंडांत लॉरी सर्वांत धाकटे. तारुण्यात त्यांना घरातील धर्माचरणाविषयी प्रश्न पडू लागले आणि साधेपणा, शांतता व अहिंसा यांचा आग्रह धरणाऱ्या क्वेकर पंथाकडे ते ओढले गेले. चित्रकलेची उपजत आवड असल्याने त्यांनी बर्मिंगहॅम येथील वास्तुकला विद्यालयात शिक्षण घेतले. १९३७ मध्ये ते पदवीधर झाले आणि लवकरच ब्रिटिश वास्तुविशारदांच्या शाही संस्थेचे सदस्यही झाले. एका सुस्थिर व्यवसायाची वाट त्यांच्यासमोर मोकळी झाली होती.

दुसऱ्या महायुद्धाने ही वाट बदलली. शस्त्र हाती घेणे श्रद्धेविरुद्ध असल्याने बेकर यांनी सैन्यात जाण्यास नकार दिला. मात्र युद्धापासून दूर सुरक्षित राहणेही त्यांना मान्य नव्हते. क्वेकर पंथीयांनी चालविलेल्या रुग्णवाहिका पथकात ते दाखल झाले आणि शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देण्याचे शिक्षण त्यांनी घेतले. या पथकाबरोबर ते जपानी आक्रमणाने होरपळलेल्या चीनमध्ये गेले. तेथे जखमींवरील उपचारांबरोबरच कुष्ठरुग्णांची शुश्रूषा करण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्या काळी कुष्ठरोगाविषयीची भीती इतकी खोल होती की रुग्णांजवळ जाण्यास सहसा कोणी धजावत नसे. वास्तुकलेची पदवी बाजूला पडली होती. परंतु घर हरवलेल्या माणसाची अवस्था काय असते, याचा निकटचा परिचय बेकर यांना याच वर्षांत झाला.

मुंबईतील मुक्काम

चीनमधील कष्टांनी प्रकृती ढासळल्यामुळे त्यांना मायदेशी परत पाठविण्याचे ठरले. इंग्लंडला जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत त्यांना काही काळ मुंबईत थांबावे लागले. ते ज्या क्वेकर स्नेह्याकडे उतरले होते, त्याचा महात्मा गांधींशी परिचय होता. त्यामुळे बेकर यांना गांधीजींच्या प्रार्थनासभांना जाण्याची आणि त्यांच्याशी बोलण्याची संधी मिळाली. बेकर यांच्या पायांत टाकाऊ कापडाच्या तुकड्यांपासून शिवलेले जोडे होते. चीनमध्ये शिकलेल्या पद्धतीने ते त्यांनी स्वतःच्या हातांनी बनविले होते. गांधीजींचे लक्ष त्या जोड्यांकडे गेले आणि त्यावरून संभाषण सुरू झाले, अशी आठवण बेकर पुढे आयुष्यभर सांगत असत.

या भेटींतून दोन गोष्टी त्यांच्या मनात कायम राहिल्या. भारताला बेकर यांच्यासारख्या शिकलेल्या माणसांची गरज आहे, मात्र ती शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आहे, ही पहिली. घर बांधण्याचे साहित्य घरापासून पाच मैलांच्या परिसरात मिळणारे असावे, हा गांधीजींचा विचार ही दुसरी. त्या वेळी हा विचार तरुण बेकर यांना काहीसा अव्यवहार्य वाटला होता. वास्तुकला शिकलेल्या माणसाची सारी भिस्त सिमेंट, पोलाद आणि काच यांवर असे. पाच मैलांत या वस्तू कोठून मिळणार, हा प्रश्न स्वाभाविक होता. त्याचे उत्तर सापडावयास त्यांना अनेक वर्षे लागली.

लग्नापूर्वीची प्रतीक्षा

१९४५ मध्ये बेकर भारतात परतले. कुष्ठरोग निवारणाचे काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय मिशनला आपल्या जुन्या कुष्ठधामांचे रूपांतर रुग्णालयांत करावयाचे होते. या रोगावर परिणामकारक औषधे उपलब्ध होऊ लागली होती. रुग्णांना आयुष्यभर कोंडून ठेवणाऱ्या वसाहतींची गरज संपत आली होती. बरे होऊन घरी परतणाऱ्या माणसांसाठी वेगळ्या प्रकारच्या इमारती आवश्यक होत्या. या कामासाठी संस्थेचे वास्तुविशारद म्हणून बेकर यांची नियुक्ती झाली आणि उत्तर प्रदेशातील फैजाबाद परिसरातून त्यांचे काम सुरू झाले.

प्रशस्त बंगल्यात नोकरचाकरांसह राहण्याची मिशनऱ्यांची रीत त्यांना रुचली नाही. ते डॉ. पी. जे. चांडी या भारतीय डॉक्टरांच्या कुटुंबात राहू लागले. चांडी यांची बहीण एलिझाबेथ जेकब याच संस्थेच्या हैदराबाद येथील रुग्णालयात डॉक्टर होत्या. चांडी आजारी पडले तेव्हा त्यांचे काम सांभाळण्यासाठी एलिझाबेथ फैजाबादला आल्या. कुष्ठरुग्णांची सेवा हे दोघांचेही जीवितकार्य होते. परिचय वाढत गेला आणि त्याची परिणती विवाहाच्या निर्णयात झाली.

परंतु केरळमधील सीरियन ख्रिस्ती घराण्यातील डॉक्टर मुलगी आणि इंग्रज वास्तुविशारद यांचा विवाह त्या काळात सहज स्वीकारला जाण्यासारखा नव्हता. दोन्ही कुटुंबांकडून विरोध झाला. दोघांनीही घाई केली नाही. आपापली कामे चालू ठेवून, क्वचित होणाऱ्या भेटींवर समाधान मानून त्यांनी काही काळ वाट पाहिली. अखेर १९४८ मध्ये त्यांचा विवाह झाला.

पिठोरागढची सोळा वर्षे

विवाहानंतर हे दांपत्य हिमालयात पिठोरागढ परिसरात गेले. कुमाऊँच्या पूर्व टोकाचा हा प्रदेश नेपाळ आणि तिबेट यांच्या सीमांजवळ आहे. काही दिवस डोंगरांत भटकंती करून परतण्याचा त्यांचा बेत होता. मात्र पाहुण्यांपैकी एक डॉक्टर आहे ही वार्ता गावोगाव पोहोचली आणि दूरदूरच्या वस्त्यांतून रुग्ण येऊ लागले. मैलोन्मैल दुसरा डॉक्टर नव्हता. आलेल्या माणसांना सोडून परत जाणे दोघांनाही शक्य झाले नाही. ते तेथेच राहिले, आणि हा मुक्काम सोळा वर्षे चालला.

या काळात एलिझाबेथ डॉक्टर होत्या आणि बेकर त्यांचे मदतनीस. चीनमध्ये मिळवलेले भूल देण्याचे ज्ञान आता पत्नीच्या शस्त्रक्रियांना उपयोगी पडू लागले. परिचारकाचे काम, दुरुस्त्या, सामानाची जमवाजमव ही सारी जबाबदारी त्यांच्याकडे होती. डोंगराच्या उतारावर त्यांनी स्वतःचे घर बांधले, त्याबरोबर रुग्णालय आणि शाळाही बांधल्या. ब्रिटनमध्ये शिकलेल्या एखाद्या वास्तुविशारदाने तिशीपासून पुढची उमेदीची वर्षे अशा दुर्गम भागात पत्नीच्या दवाखान्यासाठी खर्च करावीत, हे समव्यावसायिकांच्या दृष्टीने कारकीर्द संपविण्यासारखेच होते. या वर्षांत ते बाहेरची कामेही घेत असत. लखनौ येथील लिटरसी व्हिलेज या प्रौढ शिक्षण केंद्राची रचना त्यांचीच. मात्र घर आणि संसार पिठोरागढलाच होता.

बेकर यांची खरी शाळा हीच ठरली. इंग्लंडहून आणलेल्या पुस्तकांत वाळवी, मोसमी पाऊस, शेणामातीच्या भिंती आणि जांभा दगड यांविषयी काहीच नव्हते. भारतात पहिल्यांदा काम सुरू केले तेव्हाच त्यांना हे जाणवले होते. पिठोरागढमध्ये त्यांनी आजूबाजूची घरे बारकाईने पाहण्यास सुरुवात केली. दगड, माती, लाकूड आणि छपरावर पातळ दगडी पाट्या, एवढ्याच सामग्रीतून डोंगरी गवंडी घरे उभारीत. ही घरे थंडीत उबदार राहत आणि उतारावर घट्ट उभी असत. पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवातून चुका गळत जाऊन उरलेले हे शहाणपण आहे, हे बेकर यांच्या ध्यानी आले. गांधीजींचा पाच मैलांचा विचार येथे रोजच्या व्यवहारात उतरलेला होता. जी गोष्ट मुंबईत अव्यवहार्य वाटली होती, ती कुमाऊँमधील निरक्षर गवंड्यांनी शतकानुशतके करून दाखविली होती.

डोंगरावरून किनाऱ्याकडे

१९६२ च्या भारत-चीन युद्धानंतर सीमेलगतच्या या शांत प्रदेशाचे रूप पालटले. १९६३ मध्ये बेकर कुटुंबाने हिमालय सोडला आणि ते एलिझाबेथ यांच्या केरळमध्ये, वागमोण या डोंगराळ गावी आले. तेथेही तोच क्रम चालू राहिला. एलिझाबेथ यांनी रुग्णसेवा सुरू केली आणि बेकर यांनी त्यासाठी इमारती उभारल्या. १९६० च्या दशकाच्या अखेरीस कुटुंब तिरुवनंतपुरम येथे स्थिरावले.

शहराच्या नालंचिरा भागात त्यांनी घेतलेली जागा खडकाळ आणि तीव्र उताराची होती. घर बांधण्यास ती अयोग्य आहे असेच कोणीही म्हटले असते. बेकर यांनी तेथे प्रथम लाकडाची एक लहानशी खोली उभारली. मग कुटुंबाच्या गरजेनुसार एकेक खोली वाढत गेली. टेकडी न कापता, खडक आणि झाडे यांना वळसा घालून भिंती पुढे सरकल्या. पाडलेल्या जुन्या घरांतील लाकूड, काचेच्या बाटल्या, फुटलेल्या भांड्यांचे आणि फरशांचे तुकडे यांना त्या भिंतींत जागा मिळाली. या घराला त्यांनी ‘द हॅम्लेट’, म्हणजे लहानशी वाडी, असे नाव दिले. एलिझाबेथ आणि तीन मुलांसह ते येथे राहिले, आणि अखेरपर्यंत हेच त्यांचे घर होते. वास्तुकलेचे विद्यार्थी देशभरातून हे घर पाहण्यासाठी येत. एका चालत्या संसाराबरोबर घर कसे वाढते, हे त्यांना येथे प्रत्यक्ष पाहावयास मिळे.

विटेचा हिशेब

पन्नाशी ओलांडलेल्या बेकर यांच्याकडे तिरुवनंतपुरममध्ये घरे बांधून घेण्यासाठी लोक येऊ लागले. त्यांचे स्वतंत्र कार्यालय नव्हते आणि सहायकांचा ताफाही नव्हता. वापरलेल्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर ते आराखडे काढीत. बांधकामाच्या जागी स्वतः उभे राहून गवंड्यांना समजावून सांगत आणि गरज वाटल्यास तेथेच आराखडा बदलत. घर बांधू इच्छिणाऱ्या कुटुंबाशी ते आधी सविस्तर बोलत. घरात माणसे किती, वृद्ध कोण आहेत, मुले केवढी आहेत, कामाच्या वेळा कोणत्या, स्वयंपाक कसा होतो आणि हाती पैसा किती आहे, याची चौकशी झाल्यावर मगच घराची आखणी होई. त्यामुळे त्यांनी बांधलेली दोन घरे सहसा एकसारखी नसत.

खर्च वाचविण्याच्या त्यांच्या युक्त्या साध्या होत्या आणि प्रत्येकीमागे चोख हिशेब होता. विटा आडव्या न रचता कडेवर उभ्या रचल्या की भिंतीच्या मध्यभागी पोकळी राहते. रॅट-ट्रॅप बाँड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रचनेत सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीतील हवेमुळे उन्हाची तलखी आत कमी येते. काँक्रीटच्या स्लॅबमध्ये खालच्या बाजूचा ताण लोखंडी सळया पेलतात, तेथील काँक्रीटचा त्या कामी फारसा उपयोग होत नाही. त्या जागी बेकर जुनी मंगलोरी कौले भरत. त्यामुळे सिमेंट आणि सळया दोन्ही कमी लागत, स्लॅबचे वजन घटे आणि आतून छताला आपोआप नक्षी मिळे.

खिडकीचा खर्च तेवढ्याच भिंतीच्या खर्चाहून कितीतरी अधिक असतो. म्हणून अनेक ठिकाणी ते खिडकीऐवजी विटांची जाळी करीत. तिच्यातून वारा आणि मंद उजेड येई, घराला आडोसा राही आणि गजांचा खर्च वाचे. जेथे खिडकी हवी असे तेथे चौकट टाळून, भिंतीत वर-खाली भोके ठेवून त्यांत फिरणारी एकच फळी ते बसवीत. चांगल्या भाजलेल्या विटेवर गिलावा चढविणे त्यांना अनावश्यक वाटे. सिमेंटच्या जागी जेथे शक्य तेथे चुना आणि अनेक ठिकाणी माती वापरावी, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या गोलाकार भिंतींमागेही गणित होते. शंभर चौरस मीटर जागेभोवती चौरस भिंत घातली तर ती चाळीस मीटर लांब होते. तीच भिंत वर्तुळाकार केली तर सुमारे साडेपस्तीस मीटरमध्ये काम भागते.

यांतील बहुतेक कल्पना आपण शोधलेल्या नाहीत, हे ते आवर्जून सांगत. केरळच्या जुन्या घरांतील उतरती छपरे, लाकडी जाळ्या आणि मोकळी अंगणे यांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला होता. पूर्वजांनी हवामानाशी जुळवून घेऊन जे साधले, ते आजच्या साहित्यात पुन्हा साधणे एवढेच आपले काम आहे, अशी त्यांची भूमिका होती.

सार्वजनिक मान्यता

बेकर यांच्या पद्धतीची मोठी परीक्षा १९७० च्या दशकाच्या प्रारंभी झाली. तेव्हाचे मुख्यमंत्री सी. अच्युत मेनन आणि अर्थतज्ज्ञ के. एन. राज यांच्या पुढाकाराने तिरुवनंतपुरमच्या उळ्ळूर भागात विकास अध्ययन केंद्र स्थापन होत होते. त्याच्या इमारतींचे काम बेकर यांच्याकडे सोपविण्यात आले. टेकडीच्या चढउतारांप्रमाणे वळत जाणाऱ्या विटांच्या इमारती, जपलेली झाडे, ग्रंथालयाचा मनोरा आणि जाळीदार भिंतींमधून खेळणारा वारा यांमुळे हे संकुल देशभर चर्चेचा विषय झाले. याच सुमारास श्रीकार्यम येथील लोयोला प्रार्थनामंदिर उभे राहिले. तंपानूर बस स्थानकाजवळील इंडियन कॉफी हाउसची इमारतही त्यांचीच. तेथे जिन्याच्या जागी सलग वर चढत जाणारा गोल उतार आहे आणि त्याच्या कडेने जाळीदार भिंतीलगत ग्राहकांची बाके मांडलेली आहेत. बेकर यांचे नाव न ऐकलेले असंख्य प्रवासी या वास्तूत बसून चहा-कॉफी घेऊन गेले आहेत.

१९८५ मध्ये अच्युत मेनन, राज आणि टी. आर. चंद्रदत्त यांच्यासमवेत बेकर यांनी कॉस्टफोर्ड ही संस्था स्थापन केली. आपले तंत्र ग्रामीण आणि गरीब कुटुंबांपर्यंत पोहोचावे आणि गवंडी व तरुण वास्तुविशारदांना शिक्षण मिळावे, हा तिचा उद्देश होता. स्वतःच्या हस्ताक्षरात आणि मिस्कील रेखाचित्रांसह बेकर यांनी अनेक पुस्तिका लिहिल्या. खर्च कमी कसा करावा, मातीचे घर कसे बांधावे, झोपडपट्ट्यांचा प्रश्न कसा सोडवावा, हे विषय त्यांत सामान्य माणसाला कळेल अशा रीतीने मांडले आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर जिल्ह्यातील पुनर्वसनाच्या कामातही त्यांच्या अनुभवाचा उपयोग करून घेण्यात आला.

ब्रिटिश सरकारने १९८३ मध्ये त्यांना एमबीई हा किताब दिला. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांना भारतीय नागरिकत्व मिळाले आणि १९९० मध्ये भारत सरकारने त्यांचा पद्मश्री देऊन गौरव केला.

अपुरे राहिलेले काम

या मान्यतेला एक दुखरी बाजूही होती. बेकर यांनी ज्यांच्यासाठी खर्च कमी करण्याचा ध्यास घेतला, त्या गरीब कुटुंबांपैकी अनेकांना गिलाव्याविना असलेली विटेची भिंत अपुऱ्या घराची खूण वाटे. १९७० च्या दशकापासून आखाती देशांतून केरळमध्ये पैसा येऊ लागला आणि रंगवलेले काँक्रीटचे घर ही प्रतिष्ठेची निशाणी बनली. आयुष्यभर झोपडीत राहिलेल्या माणसाला शेजाऱ्यासारखेच घर हवे असेल तर त्यात गैर काय, या प्रश्नाला सोपे उत्तर नव्हते. बेकर यांच्या शैलीचे चाहते प्रामुख्याने शिक्षक, लेखक आणि सुशिक्षित मध्यमवर्गीय ठरले. सरकारी अभियंत्यांनीही त्यांच्या पद्धतींच्या मजबुतीविषयी शंका घेतल्या.

बेकर यांनी या आक्षेपांना दोन प्रकारे उत्तर दिले. अल्पखर्ची घर हे केवळ गरिबांसाठी असते, ही समजूतच त्यांना अमान्य होती. श्रीमंतानेही सिमेंट, पोलाद आणि ऊर्जा वाया घालवू नये आणि दोघांच्या घरांना एकच नियम लावावा, असे ते मांडत. उत्पन्नाच्या गटानुसार माणसांची वर्गवारी करून एका साच्याची घरे वाटणे त्यांना अपमानास्पद वाटे. दुसरे उत्तर त्यांनी कामातून दिले. तिरुवनंतपुरममधील चेंगलचूळा या झोपडपट्टीच्या पुनर्वसनात आणि मच्छीमारांच्या वस्त्यांच्या रचनेत त्यांनी घराघरांत फरक ठेवला, मोकळ्या जागा राखल्या आणि जाळे वाळविणाऱ्या, मुले सांभाळणाऱ्या कुटुंबाला अंगण किती महत्त्वाचे असते याचा विचार केला. तरीही प्रत्येक कुटुंबाच्या घरी स्वतः जाऊन विचारपूस करणारी ही पद्धत लाखो घरांच्या सरकारी योजनांत कशी बसवावी, हा प्रश्न त्यांच्या हयातीत सुटला नाही. तो पुढच्या पिढीकडे तसाच आला.

घरातील बेकर

बेकर यांच्या निधनाच्या वर्षी, २००७ मध्ये, एलिझाबेथ बेकर यांचे आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. ‘द अदर साइड ऑफ लॉरी बेकर’ या त्याच्या शीर्षकातच लेखिकेचा हेतू स्पष्ट होतो. देशाला माहीत असलेल्या वास्तुविशारदाची घरातली बाजू त्यांना सांगावयाची होती. हे सांगण्याचा अधिकार त्यांच्याइतका दुसऱ्या कोणालाच नव्हता. फैजाबादच्या पहिल्या भेटीपासून पिठोरागढच्या शस्त्रक्रियागृहापर्यंत आणि वागमोणच्या डोंगरापासून नालंचिराच्या टेकडीपर्यंत त्यांनी हे आयुष्य बरोबरीने घडविले होते. पुढे बेकर यांच्या नातवाने त्यांच्या जीवनावर आणि वास्तुकलेवर एक चित्रपट तयार केला. ज्या घरात दोन पिढ्यांनी आपल्या कर्त्या पुरुषाचे स्मरण असे जपले, तेथे तो पुरुष केवळ कामात बुडालेला पाहुणा नव्हता हे उघड आहे.

बेकर यांच्या जीवनाचा क्रम नीट पाहिला तर त्यांच्या वास्तुकलेचे वैशिष्ट्य अधिक स्पष्ट होते. बहुतेक वास्तुविशारद आधी इमारतींवर नाव कमावतात आणि मग स्वतःचे घर बांधतात. बेकर यांच्या बाबतीत उलट झाले. आधी त्यांनी पत्नीच्या कामासाठी आणि मुलांच्या निवाऱ्यासाठी, हाती असेल त्या दगडमातीतून घर बांधले. पैसा जपून वापरणे, झाड न तोडणे, जुने लाकूड फेकून न देणे, पुढे खोली वाढविता यावी म्हणून जागा राखणे, या साऱ्या संसारी माणसाच्या सवयी होत्या. दुसऱ्याच्या घराचा आराखडा काढावयास ते बसत तेव्हा याच सवयी त्यांच्याबरोबर असत. समोरच्या कुटुंबाचा पैसा ते स्वतःच्या घरचा पैसा असल्याप्रमाणे वाचवीत.

२०१७ मध्ये बेकर यांची जन्मशताब्दी साजरी झाली, तेव्हा देशभरातील वास्तुविशारदांनी त्यांच्या कार्याची नव्याने उजळणी केली. तिरुवनंतपुरमजवळ विळप्पिल्शाला येथे त्यांच्या नावाने अध्ययन केंद्र उभे राहिले असून कॉस्टफोर्डने प्रशिक्षित केलेल्या गवंड्यांच्या हातांतून त्यांची तंत्रे पुढे गेली आहेत. पुणे आणि कोकणासह महाराष्ट्रातही अनेकांनी जांभा, उघडी वीट आणि कौलांचा स्लॅब वापरून घरे बांधली आहेत. सिमेंट आणि पोलाद यांच्या निर्मितीतून होणारे प्रदूषण हा जगभर चिंतेचा विषय झाला असताना, कुमाऊँच्या डोंगरात पत्नीसाठी दवाखाना बांधताना बेकर यांनी मांडलेला हिशेब आजही तपासून पाहण्याजोगा आहे. आयुष्याची पुंजी लावून घर बांधावयास निघालेल्या प्रत्येक कुटुंबाने, आपल्याला नेमके काय हवे आहे आणि ते किती जवळ मिळते, हा त्यांचा पहिला प्रश्न स्वतःला विचारला, तर बेकर यांचे ते उचित स्मरण ठरेल.